गळती गृहीत धरणारे पाइप

कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने २०१४ मध्ये एक कायदा केला. जमिनीखाली पुरलेल्या ज्या इंधनटाक्यांना आणि त्यांच्या पाइपांना एकच भिंत आहे, त्या ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत कायमच्या बंद करायच्या, असे त्यात ठरले. ही अट महामार्गावरच्या पेट्रोल पंपांना लागू झाली, तशी समुद्रकाठच्या मरीनांनाही झाली. मरीना म्हणजे लहान बोटींचे बंदर. तिथे तरंगत्या धक्क्यांना हौशी लोकांच्या शिडाच्या बोटी बांधलेल्या असतात. शेजारी मासेमारीच्या बोटी, पर्यटकांना फिरवून आणणाऱ्या बोटी, बचाव पथकाची बोट असा सगळा गोतावळा असतो. सांता बार्बरा, माँटेरे, बर्कली अशा कितीतरी ठिकाणी हे बंदर शहराच्या मालकीचे आहे आणि शहराचे प्रशासनच ते चालवते. अशा बंदरात सहसा एका टोकाला इंधनाचा धक्का असतो, किनाऱ्यावर टाकी असते आणि दोहोंच्या मध्ये कोणाच्या नजरेला न पडणारा पाइप असतो. तो बदलायचा प्रस्ताव नगर परिषदेपुढे आला की एक प्रश्न हमखास निघतो: इतकी वर्षे चालतोय, कुठे गळत नाही, मग बदलायचा कशाला? प्रश्न रास्त वाटतो. पण सुरक्षेचे आजचे नियम नीट वाचले तर त्यांची विचारणा निराळी आहे, हे ध्यानात येते. पाइप गळेल तेव्हा तुम्हाला किती वेळात कळेल आणि गळलेले इंधन जाईल कुठे, असे ते विचारतात. या दोन प्रश्नांना उत्तर नसलेला पाइप आज कोरडा दिसत असला तरी बदलायला झालेला आहे, आणि त्याच्यावर होणारा खर्च शहराच्या सर्वात समर्थनीय खर्चांपैकी एक आहे, असे माझे म्हणणे आहे. ते का, हे समजण्यासाठी आधी इंधनाचा टाकीपासून बोटीपर्यंतचा प्रवास पाहावा लागेल.

टाकीतून इंधन वर आणण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत पंप बोटीजवळच्या यंत्रात असतो आणि तो इंधन ओढून घेतो. दुसरीत पंप टाकीच्या आत बुडवलेला असतो आणि तो इंधन ढकलतो. ओढणाऱ्या पद्धतीत एक अंगभूत सुरक्षितता आहे. पाइपला भोक पडले तर त्यातून हवा आत शिरते, पंपाची ओढ तुटते, बोटीवाल्याला इंधन मिळेनासे होते आणि पाइप टाकीकडे उतरता असेल तर त्यातले इंधन माघारी टाकीत जाते. म्हणजे बिघाड स्वतःच ओरडून सांगतो. पण पेट्रोल अतिशय चटकन वाफाळणारे असल्यामुळे त्याला लांबून किंवा खोलातून ओढता येत नाही. मध्येच वाफेचे बुडबुडे होऊन प्रवाह तुटतो. मरीनात टाकी किनाऱ्यावर आणि यंत्र धक्क्याच्या पार टोकाला, त्यामुळे बहुतेक ठिकाणी ढकलणारी पद्धत वापरावी लागते. दर चौरस इंचाला सुमारे तीस पौंड दाबाने इंधन पाइपातून निघते. आता भोक पडले तर पंप इमानेइतबारे त्या भोकातूनही इंधन बाहेर टाकत राहतो. बोटीच्या टाकीत इंधन पोहोचतच असते, मीटर फिरतच असतो, आणि काही बिघडले आहे याची कोणाला खूणही पटत नाही. ज्या पद्धतीत गळती सर्वात घातक, त्याच पद्धतीत ती सर्वात गुपचूप होते.

जमिनीवरच्या पंपाला नसलेल्या आणखी दोन अडचणी समुद्र उभ्या करतो. पहिली भरती-ओहोटीची. धक्का पाण्यावर तरंगतो आणि पाण्याबरोबर वरखाली होतो. किनारा जागच्या जागी राहतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि पाण्याची पातळी दोन मीटर किंवा त्याहूनही जास्त बदलते. म्हणून किनाऱ्यावरचा ताठ पाइप आणि धक्क्यावरचा पाइप यांच्या मध्ये लवचीक जोडणी द्यावी लागते. ही जोडणी वर्षाला सातशेच्या आसपास वेळा पूर्ण वाकते आणि सरळ होते. लाटांचे हेलकावे वेगळेच. त्यात खारे पाणी, ऊन, धक्क्याला घासणाऱ्या बोटी आणि लोखंडाला लागणारा गंज. दुसरी अडचण गुरुत्वाकर्षणाची. ओहोटीला धक्का खाली उतरतो आणि टाकीतल्या इंधनाची पातळी त्याच्या वर राहू शकते. अशा वेळी धक्क्यावरची नळी तुटली तर पंप बंद असूनही काही उपयोग नाही. एकदा पाइप भरलेला असला की टाकीतले इंधन आपल्याच भाराने खाली वाहत राहील आणि ते थेट पाण्यात जाईल. अमेरिकेतली राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटना, म्हणजे एनएफपीए, इंधन भरण्याच्या ठिकाणांसाठी ‘३०ए’ नावाची संहिता प्रसिद्ध करते. तिच्यात मरीनांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात या दोन्ही अडचणींची दखल घेतलेली आहे. टाकी उंचावर असेल तर तिच्यापाशीच असा व्हॉल्व्ह हवा, जो यंत्र चालू असतानाच उघडेल. धक्का किनाऱ्याला जिथे भेटतो तिथे चटकन हाताला येईल असा, प्रवाह तोडणारा व्हॉल्व्ह हवा. लवचीक जोडणी तरंगत्या धक्क्याच्या हालचालीला पुरेल अशी हवी. या अटी कागदावर रुक्ष दिसतात. पण नळी तुटली असताना टाकी समुद्रात रिकामी होऊ नये, हा त्यांतल्या प्रत्येकीचा अर्थ आहे.

आता मूळ आक्षेपाकडे येऊ. ‘गळत नाही’ म्हणजे नेमके काय? अमेरिकेच्या संघराज्य नियमांनुसार दाबाच्या पाइपावर गळती ओळखणारे उपकरण बसवणे बंधनकारक आहे. त्याने तासाला तीन गॅलन, म्हणजे सुमारे साडेअकरा लिटर इतकी गळती तासाभरात पकडली पाहिजे. त्याहून लहान गळती त्याच्या हातून सुटू शकते. तीही सुटू नये म्हणून एकेरी पाइपाची वर्षातून एकदा वाढीव दाबाखाली चाचणी घेता येते आणि तिची कसोटी तासाला एक दशांश गॅलनची आहे. हा आकडा क्षुल्लक वाटतो. हिशेब केला तर मिनिटाला सहा मिलिलिटरांच्या आसपास, म्हणजे वर्षाला साधारण तेहतीसशे लिटर होतात. या मर्यादेच्या किंचित खाली गळणारा पाइप चाचणीत पास होईल, त्याचे प्रमाणपत्र कार्यालयाच्या भिंतीवर लागेल आणि तरीही टँकरचा एक मोठा कप्पा भरेल इतके इंधन वर्षभरात मातीत जिरेल. विक्रीचा आणि साठ्याचा ताळा घालूनही ते सापडेलच असे नाही, कारण ऊन-थंडीने इंधन प्रसरण पावते, आकुंचन पावते, मीटरमध्ये थोडाफार फरक असतो, आणि झिरपलेले इंधन त्या फरकात सहज लपते. म्हणून एकेरी पाइपाच्या बाबतीत ‘गळत नाही’ या वाक्याचा खरा अर्थ ‘गळताना आम्हाला दिसलेला नाही’ एवढाच होतो. मालक खोटे बोलतो असे नाही. त्याच्या हातातले साधनच त्याला यापेक्षा जास्त सांगू शकत नाही.

दुहेरी भिंतीचा पाइप हे साधन बदलतो. इंधन आतल्या पाइपातून जाते, त्याच्याभोवती दुसरा पाइप असतो आणि दोहोंच्या मध्ये थोडी पोकळी ठेवलेली असते. दूध उतू जाईल म्हणून पातेल्याखाली परात ठेवावी, तसा हा बाहेरचा पाइप. पण इथे परात उतरती ठेवलेली असते आणि तिच्या टोकाला पहारा असतो. पोकळीतून ओघळलेले इंधन सर्वात खालच्या बिंदूवरच्या बंदिस्त कुंडीत जमा होते, तिथल्या सेन्सरला ते कळते, कार्यालयात घंटा वाजते आणि जोडणी तशी केलेली असेल तर पंप आपोआप बंद पडतो. काही रचनांमध्ये पोकळीत द्रव भरून किंवा हवा खेचून ठेवतात. दाब बदलला की दोन्हींपैकी एका भिंतीला तडा गेला हे लगेच समजते, आणि तेही इंधनाचा थेंब बाहेर पडण्याच्या आधी. इथे गळती रोखली जातेच असे नाही, पण ती इंधन बाहेर न जाऊ देता उघडकीला येते. तासाला किती गॅलन, हा प्रश्नच मागे पडतो. म्हणूनच नियमांचा भर दुसऱ्या भिंतीवर आणि तिच्यावरच्या पहाऱ्यावर आहे. पाइप किती नवा, हे त्यांच्या दृष्टीने दुय्यम आहे.

हा शहाणपणा अमेरिकेला सहज आलेला नाही. जमिनीखालच्या टाक्यांबद्दलचा संघराज्य कायदा १९८४ मध्ये झाला. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षाच्या १ जानेवारीपासून नव्या टाक्यांना दुहेरी बंदोबस्ताचे तत्त्व लागू केले होते. पर्यावरण संरक्षण संस्थेचे, म्हणजे ईपीएचे, सविस्तर नियम १९८८ मध्ये आले आणि जुन्या टाक्यांच्या मालकांना सुधारणेसाठी २२ डिसेंबर १९९८ पर्यंत दहा वर्षांची मुदत मिळाली. त्या मुदतीच्या आतच सांता मोनिकाचे प्रकरण घडले. १९९६ मध्ये या किनारी शहराला आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या, कारण त्यांच्या पाण्यात एमटीबीई हे रसायन सापडले. हे पेट्रोलमध्ये मिसळले जात असे, ते पाण्यात सहज विरघळते आणि फार थोड्या प्रमाणातही पाण्याला वास आणि चव आणते. जमिनीखालच्या टाक्यांमधून आणि पाइपांमधून ते झिरपत झिरपत भूजलात गेले होते. शहराचा जवळपास निम्मा पाणीपुरवठा त्या विहिरींवर होता. कॅलिफोर्नियाने पुढे २००३ च्या अखेरीस एमटीबीईचा वापर थांबवला. देशभर पाहिले तर १९८४ नंतर जमिनीखालच्या टाक्यांच्या व्यवस्थांमधून गळती झाल्याची साडेपाच लाखांहून अधिक प्रकरणे नोंदली गेली. बहुतेक जागांची सफाई झाली आहे, पण ज्या जागा राहिल्या त्या सहसा सर्वात अवघड, भूजलापर्यंत पोहोचलेल्या आहेत. दोष पुष्कळदा टाकीच्या पोटात नसतो. पाइप, त्यांचे सांधे आणि यंत्राखालच्या जोडण्या यांत सापडतो. या अनुभवातून २०१५ चे सुधारित नियम आले. ११ एप्रिल २०१६ नंतर बसवलेल्या किंवा बदललेल्या टाक्यांना आणि पाइपांना दुहेरी बंदोबस्त आणि मधल्या पोकळीवर पहारा बंधनकारक झाला. एखाद्या मार्गातला अर्धा किंवा त्याहून जास्त पाइप बदलला तर तो संपूर्ण मार्ग दुहेरी करावा लागतो. ठिगळे लावत वर्षे काढण्याची वाट या एका कलमाने बंद केली.

मरीनात या सगळ्याचे काम कसे होते? जुना पाइप खणून काढताना आधी त्याच्या भोवतीची माती तपासायची, कारण कित्येक गळत्या याच दिवशी पहिल्यांदा कळतात. मग टाकीच्या माथ्यावर कुंडी, यंत्राखाली कुंडी, मधल्या वळणावर कुंडी, आणि दोन कुंड्यांमध्ये उतार दिलेला दुहेरी पाइप. किनारा आणि धक्का यांच्या मध्ये बाहेरून आवरण असलेली लवचीक नळी, तिच्या दोन्ही टोकांना व्हॉल्व्ह. धक्क्याखाली पाइप टांगलेला असेल तर बोटीच्या धडकेपासून त्याला आडोसा. यंत्रापासून वीस ते शंभर फुटांच्या अंतरावर, म्हणजे आगीची झळ लागणार नाही पण धावत जाऊन गाठता येईल अशा जागी, सगळे बंद करणारे आपत्कालीन बटण. बोटीत इंधन सोडणारे नोझल हात काढताच बंद होणारे हवे. रस्त्यावरच्या पंपावर असते तशी, ते उघडे अडकवून ठेवणारी कडी मरीनात चालत नाही. या शेवटच्या अटीमागे बोटीच्या बांधणीचा विचार आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते, आणि उणे चाळीस अंश सेल्सियसच्या आसपासही पेट्रोलमधून पेट घेण्याइतकी वाफ निघते. मोटारीच्या खाली सांडलेले पेट्रोल वाऱ्याने उडून जाते. बोटीत ती वाफ तळाशी साठून राहते, आणि हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेले की एका ठिणगीचे काम उरते. इंधन भरताना सगळ्यांनी बोटीतून उतरावे, आणि भरून झाल्यावर इंजिन चालू करण्याआधी तळातली हवा बाहेर टाकणारा पंखा किमान चार मिनिटे फिरवावा, असे अमेरिकेचे तटरक्षक दल सांगते, ते याचसाठी.

टाकी जमिनीवर ठेवली तर प्रश्नच मिटला नाही का, असे कोणी विचारेल. काही बंदरांनी हा मार्ग घेतला आहे, आणि त्यात तथ्य आहे, कारण उघड्यावरचे गळते ते दिसते. पण तेव्हा दुसरे नियम लागू होतात. जमिनीवर १,३२० गॅलनपेक्षा, म्हणजे सुमारे पाच हजार लिटरपेक्षा जास्त तेल साठवण्याची क्षमता असेल आणि ते जलाशयात जाण्याचा संभव असेल, तर गळती रोखण्याचा लेखी आराखडा आणि टाकीभोवती बंदोबस्त ठेवावा लागतो. आग आणि धडक यांचा धोका वाढतो आणि धक्क्यापर्यंतचा पाइप तर राहतोच. शिवाय पाण्यावर तेलाचा तवंग दिसेल इतकी गळती झाली की अमेरिकेत ती कळवणे कायद्याने भाग आहे. तवंग दिसायला किती तेल लागते? त्याची जाडी एक सहस्रांश मिलिमीटर धरली तर एक लिटर डिझेल हजार चौरस मीटर पाणी झाकते. त्यावर साबण फवारून तो दिसेनासा करण्यालाही परवानगी नाही, कारण त्याने तेल नाहीसे होत नाही, फक्त पाण्यात खाली उतरते आणि तिथल्या जिवांपर्यंत जास्त पोहोचते.

आता गंभीर आक्षेप. पहिला असा, की नवे साहित्यही फसते, मग या खटाटोपाचा भरवसा काय? आक्षेप खोटा नाही. १९९० च्या दशकात बसवलेले काही लवचीक प्लास्टिकचे पाइप पुढे इंधनाने फुगले, लांबले, चिरले आणि मुदतीच्या कितीतरी आधी बदलावे लागले. ईपीएने २०१६ मध्ये डिझेलच्या ४२ टाक्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ८३ टक्के टाक्यांच्या आत धातूच्या भागांवर मध्यम किंवा तीव्र गंज आढळला, आणि पाहणीपूर्वी याची कल्पना असलेले मालक एक चतुर्थांशही नव्हते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळू लागल्यापासून काही जुनी रबरी सील आणि चिकटद्रव्ये त्याला टिकतात का, हाही प्रश्न आला. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि मरीनात पाण्याला तोटा नाही. पण या उदाहरणांतून निघणारा निष्कर्ष आक्षेपाच्या उलट दिशेने जातो. कोणतेही साहित्य कायम टिकत नाही, हे मान्य केले की ‘चांगला पाइप घाला आणि विसरा’ ही कल्पना मोडते आणि फसल्याचे सांगणाऱ्या पाइपाची गरज आणखी पक्की होते. म्हणून २०१५ च्या नियमांनी पाइपाबरोबर माणसांवरही जबाबदारी टाकली. दर तीस दिवसांनी फेरी मारून पाहणी, कुंड्या पाणी धरतात का याची दर तीन वर्षांनी चाचणी, आणि मालकापासून धक्क्यावर नळी हातात देणाऱ्या कर्मचाऱ्यापर्यंत प्रत्येक पातळीवर प्रशिक्षण. कुंडीत पावसाचे पाणी साचून घंटा वारंवार वाजू लागली की कोणीतरी सेन्सर वर उचलून ठेवतो; मग दुहेरी पाइपही एकेरी पाइपाइतकाच मुका होतो. हे टाळायचे तर पाइपावरचा खर्च आणि देखभालीवरचा खर्च एकाच ठरावात मंजूर झाला पाहिजे.

दुसरा आक्षेप प्रमाणाचा. समुद्रात जाणारे तेल टँकर फुटल्याने जाते. एका शहराच्या इंधनधक्क्याने काय बिघडणार? अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ मध्ये याचा हिशेब मांडला होता. माणसाच्या हातून उत्तर अमेरिकेच्या सागरी पाण्यात जाणाऱ्या तेलापैकी सुमारे ८५ टक्के तेल जमिनीवरून वाहून येणारे पाणी, दूषित नद्या, विमाने आणि लहान बोटी यांच्यातून येते. टँकर आणि पाइपलाइनच्या अपघातांचा वाटा आठ टक्क्यांहूनही कमी. बातमी टँकरची होते, पण खरा भार किरकोळ वाटणाऱ्या असंख्य ठिकाणांचा आहे. यावर चलाख वाचक म्हणेल, की मग बोटीत इंधन भरताना होणारी सांडलवंड आधी थांबवा. ती थांबवलीच पाहिजे, आणि कडी नसलेले नोझल व प्रशिक्षित कर्मचारी त्यासाठीच आहेत. फरक एवढाच, की सांडलेले डोळ्यांपुढे सांडते आणि पुसता येते. पुरलेल्या पाइपातून झिरपलेले वर्षानुवर्षे कोणाच्या हिशेबात येत नाही.

तिसरा आणि सर्वात वजनदार आक्षेप पैशाचा आहे. इंधनविक्रीतून लहान मरीनाला फार काही सुटत नाही. खर्चाला घाबरून शहराने इंधनाचा धक्काच बंद केला तर लोक रस्त्यावरच्या पंपावरून कॅन भरून आणतील, डुलत्या बोटीत हाताने ओततील, आणि धोका कमी होण्याऐवजी वाढेल. मासेमारीच्या बोटींना दूरच्या बंदरात जावे लागेल. ही भीती खरी आहे, आणि नियम करणाऱ्यांनी ती झटकून टाकू नये. म्हणूनच कॅलिफोर्नियाने लहान मालकांना टाक्या बदलण्यासाठी अनुदान आणि कर्ज देणारी योजना ठेवली आहे, आणि एकेरी टाक्या बंद करायला ११ वर्षांचा अवधी दिला. ज्या बंदराने हा अवधी दरवर्षी थोडा थोडा निधी बाजूला काढण्यासाठी वापरला, त्याच्यावर शेवटच्या वर्षी डोंगर कोसळला नाही. ज्याने वाट पाहिली त्याला तोच खर्च एका हप्त्यात आणि कंत्राटदारांच्या रांगेत उभे राहून करावा लागला. यॉटवाल्यांच्या सोयीसाठी सामान्य करदात्याने का पैसे मोजावेत, हाही प्रश्न येतो. पुष्कळ शहरांत बंदराचा हिशेब वेगळ्या निधीत असतो. बोट बांधण्याचे भाडे आणि इंधनविक्री यांतूनच त्याचा खर्च भागवावा लागतो. पण तसे नसले तरी उत्तर बदलत नाही. खाजगी पंपमालक गळती करून दिवाळखोर होऊ शकतो. शहर होऊन निसटू शकत नाही. टाकीचे मालक शहर, खालच्या जमिनीचे राखणदार शहर आणि पाणी दूषित झाले तर ज्यांना उत्तर द्यायचे ते नागरिकही त्याच शहराचे. पाइपावर न केलेला खर्च इथे वाचत नाही, तो फक्त पुढच्या कार्यकाळाच्या सभेपुढे ढकलला जातो, आणि तेव्हा त्यात मातीची आणि भूजलाची सफाई मिळवलेली असते.

हा वाद आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मच्छीमार सहकारी संस्थांचे डिझेल पंप बंदरांवर आहेत, या डिझेलवरच्या मूल्यवर्धित कराचा परतावा राज्य सरकार देते, आणि लहान बंदरांत आजही डिझेल कॅनमधून होडीपर्यंत जाते. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या घरात जातो. कॅलिफोर्नियात जी जोडणी पुरते ती इथे अपुरी पडेल, म्हणजे तांत्रिक प्रश्न इथे अधिक कठीण आहे. देशभरातल्या पेट्रोलियम साठ्यांना परवाना देणारी पेसो ही संस्था नागपूरला आहे. १९३४ चा पेट्रोलियम कायदा आणि २००२ चे पेट्रोलियम नियम तिच्या हाती आहेत. त्यांत पेट्रोल ‘अ’ वर्गात आणि डिझेल ‘ब’ वर्गात येते, कारण ही वर्गवारी पेट घेण्याच्या तापमानावर केलेली आहे. आगीच्या दृष्टीने ती योग्यच आहे. झिरपण्याच्या दृष्टीने मात्र डिझेल कमी धोक्याचे आहे, असा तिचा अर्थ घेता येणार नाही. २०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ जहाजाला धडक बसून सुमारे ८०० टन तेल सांडले, ते सर्वांच्या लक्षात आहे. त्या मानाने २०२४ च्या सुरुवातीला गोव्यात वास्कोजवळ दाबोळी परिसरात जमिनीखालच्या वाहिनीतले इंधन लोकांच्या विहिरींत उतरले, याची आठवण कमी जणांना असेल. तिथेही गळती आधी विहिरीला कळली. आपल्याकडे पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले आहे, किनाऱ्यावर नव्या मरीनांचे आराखडे निघत आहेत. पाइप अजून टाकायचे आहेत, तेव्हा दुसरी भिंत घालणे स्वस्त पडते. धक्का बांधून झाल्यावर खणून घालणे नाही.

नियमांवर एक टीका मात्र मान्य करावी लागते. ते संथ आहेत. १९८४ मध्ये जे तत्त्व कॅलिफोर्नियाला पटले होते, ते शेवटच्या जुन्या पाइपापर्यंत पोहोचायला चार दशके लागली. या संथपणाला उदारपणा म्हणता येईल, पण त्या चार दशकांत किती माती आणि किती विहिरी गेल्या याचा हिशेब सवलत देणाऱ्यांनी द्यावा लागला नाही. म्हणून एखाद्या शहराने मुदतीची वाट न पाहता आपल्या बंदराचा पाइप बदलायचा ठराव केला तर तो अतिरेक ठरत नाही. अशा ठरावावर मत देताना सदस्यांनी अभियंत्याला दोनच प्रश्न विचारावेत: आज रात्री हा पाइप फुटला तर सकाळपर्यंत कोणाला कळेल, आणि तोपर्यंत इंधन कुठे असेल? पहिल्याचे उत्तर ‘कोणाला नाही’ आणि दुसऱ्याचे ‘पाण्यात’ असे येत असेल, तर खर्च परवडतो का, यावर चर्चा करायला फारसे काही उरत नाही. तो खर्च शहराने पाइप पुरला त्याच दिवशी अंगावर घेतलेला आहे. तो आता फेडायचा की सफाईच्या बिलासकट नंतर, एवढेच त्याच्या हातात आहे.